परदेशात कार्ड, हिशेब मात्र घरी

उचगाव : कोल्हापूर शहर आणि गांधीनगरची घाऊक कापडपेठ यांच्यामध्ये वसलेले करवीर तालुक्यातील उचगाव आता नावापुरतेच गाव राहिले आहे. उजळाईवाडीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर, तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती थोड्याच अंतरावर आहेत. यंत्रांच्या प्रदर्शनासाठी जाणारे उद्योजक, परदेशी शिकणाऱ्या मुलांना भेटायला निघालेले आई-वडील आणि सहलीला जाणारी कुटुंबे आता अशा उपनगरांतही दिसतात. या प्रवाशांच्या खिशात क्रेडिट कार्ड असते. पण त्याच्या खऱ्या खर्चाचा अंदाज बहुधा परत आल्यावर, बिल हाती पडल्यावरच येतो.

या विषयाभोवतीचा संभ्रम २०२३ मध्ये वाढला. परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्च २००० च्या नियमांतील तरतुदीमुळे वार्षिक मर्यादेत मोजला जात नसे. १६ मे २०२३ च्या अधिसूचनेने ही सवलत काढून घेण्यात आली. हा खर्च रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत, म्हणजे दरवर्षी अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत आला. पाठोपाठ उगमस्थानी करसंकलनाची, म्हणजेच टीसीएसची भीती पसरली. टीकेनंतर २८ जून २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने अंमलबजावणी पुढे ढकलली. बँकांना संगणकीय व्यवस्था उभारण्यास वेळ मिळावा, हे कारण देण्यात आले. निर्णय लांबणीवर पडला. तो मागे घेतल्याचे मात्र तेव्हा सांगण्यात आले नाही.

परिणामी एकाच प्रवाशाच्या खिशातील दोन कार्डांना दोन न्याय लागू झाले. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम आणि डेबिट कार्डाचा परदेशातील खर्च एलआरएसमध्ये मोजला जातो, क्रेडिट कार्डाचा नाही. वर्षात ७ लाखांपुढील रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के टीसीएस लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख करण्यात आली.

‘टीसीएस वाचतो, मग क्रेडिट कार्डच बरे,’ असा निष्कर्ष यातून काढला जातो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. एका व्यक्तीने वर्षात १२ लाख रुपये फॉरेक्स कार्डात भरले, तर वरच्या २ लाखांवर ४० हजार रुपये टीसीएस कापला जाईल. पण हा अंतिम कर नव्हे. विवरणपत्रात तो प्राप्तिकरातून वळता होतो किंवा परत मिळतो. हाच खर्च क्रेडिट कार्डाने केल्यास अनेक बँका विदेशी चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आकारतात. म्हणजे ४९ हजार ५६० रुपये, आणि ते कधीच परत येत नाहीत. फॉरेक्स कार्डाच्या विनिमय दरातही बँकेचा नफा दडलेला असतो, हे खरे; तरीही परत मिळणारा कर टाळण्यासाठी परत न मिळणारे शुल्क भरण्यात शहाणपण नाही.

याशिवाय आणखी दोन खड्डे आहेत. परदेशातील दुकानदार अनेकदा ‘रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?’ असे विचारतो. रुपये ओळखीचे वाटतात. पण तो दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो सहसा महाग पडतो. वर अशा व्यवहारावरही अनेक भारतीय बँका वेगळे शुल्क लावतात. त्यामुळे स्थानिक चलन निवडणेच हिताचे. दुसरा खड्डा एटीएमचा. क्रेडिट कार्डाने रोख काढल्यास शुल्क लागतेच, शिवाय त्या दिवसापासून व्याजही सुरू होते.

सुरक्षेच्या बाजूने मात्र परिस्थिती सुधारली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी दिले जाते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो आणि खर्चाची मर्यादाही ठरवता येते. परतल्यावर ही सोय बंद करणारे मात्र थोडेच.

कार्डाचा परदेशी खर्च करजाळ्यात आणायचा की नाही, हे सरकारने एकदाच स्पष्टपणे ठरवायला हवे. बँकांनीही अधिभार बारीक अक्षरांत न लपवता, परदेशी वापर सुरू करतानाच रुपयांत दाखवायला हवा. तोवर प्रवाशाने पासपोर्टइतक्याच काळजीने आपल्या कार्डाच्या अटी वाचूनच घर सोडावे.