टीका कामावर करा, माणसावर नको

2 डिसेंबर 2025 ला मत द्यायला मी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं मलकापूरला आलो. याआधीची नगरपरिषदेची निवडणूक 2016 ची. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आता मुलगी पहिलीत आहे. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये आदेश दिला, तेव्हा कुठे हालचाल झाली.

वाटलं होतं, नऊ वर्षांचा हिशेब मागितला जाईल. गाडीत मोबाइल उघडला तर मोहल्ल्याच्या ग्रुपवर दीडशेच्या वर मेसेज. एक उमेदवार म्हणे 'बी टीम'. दुसऱ्याची 'सेटिंग' झालेली. तिसऱ्याच्या भावाचं जुनं घरगुती भांडण, व्हॉइस नोटसकट. नाली, नळ, उर्दू शाळेची गळकी खोली यांचा एकही मेसेज नाही. शुक्रवारी खुतब्यात गीबतीवर मान डोलावणारेच हे फॉरवर्ड करत होते, आणि त्यात माझे दोन चुलतभाऊही होते.

आपण नेहमी बाहेरच्यांच्या भाषेबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये शेजारच्या वाशीमला येऊन योगी आदित्यनाथ 'बटेंगे तो कटेंगे' म्हणून गेले. त्याच निवडणुकीत 'व्होट जिहाद' हा शब्द राज्यभर फिरला. आपण मत दिलं हाच जणू गुन्हा. बुलढाणा मतदारसंघाचा निकाल लागला फक्त 841 मतांनी. आणि थोड्याच दिवसांत निवडून आलेल्या आमदारांनी जाहीर सभेत मतदारांबद्दलच असे अपशब्द वापरले की बातमी देशभर गेली. निवडणूक जिंकल्यावरही कडवटपणा संपत नाही, तो असा.

पण या सगळ्याला उत्तर म्हणून आपल्या गल्लीत काय तयार झालं? तसंच भीतीचं राजकारण, फक्त उलट्या बाजूनं. 'मत फुटलं तर ते येतील' एवढं म्हटलं की उमेदवाराचं काम संपलं. त्याला पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि जो विचारतो तो फुटीर ठरतो. भीती घालणारा समोरच्या पक्षाचा असो की आपल्या बिरादरीचा, दोघांचाही फायदा एकच: प्रश्नांपासून सुटका.

याचा अर्थ सगळ्यांनी गोड गोड बोलावं असा नाही. गोड प्रचाराचाही मला तेवढाच कंटाळा आहे. 'विकासपुरुष'चे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, त्यावर वीस जणांचे फोटो असतात आणि कामाची एक ओळ नसते. पाच वर्षं नगरसेवक राहिलेल्याला 'तुम्ही सभागृहात किती वेळा बोललात' हे विचारणं नकारात्मक प्रचार असेल तर तो जरूर करावा. आदर्श आचारसंहितेतही टीकेला बंदी नाही. धोरण, कार्यक्रम आणि मागचं काम यांवर टीका करा, खासगी आयुष्यात शिरू नका, जात-धर्माच्या भावना भडकवून मतं मागू नका, एवढंच तिथं म्हटलंय. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो. सहकाऱ्याचा कोड तपासताना चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतो, त्याचं खानदान काढत नाही. काढलं तर चूक तशीच राहते आणि माणूस तुटतो.

विचारायला आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. खारं पाणी पिऊन किडनीचे आजार, ही तिथली पिढ्यांची तक्रार. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, नंतर नखंही. दिल्लीहून तज्ज्ञ आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. टक्कल पडताना त्या आजारानं कुणाचा धर्म विचारला नाही. आता जिल्हा परिषदेचे वेध लागलेत. धान्याची आणि पाण्याची तपासणी कोण करणार, अहवाल गावात लावणार की नाही, यावर एखादा उमेदवार बोलला तर मी त्याचा पक्ष न बघता ऐकीन.

आम्ही चार-पाच मित्रांनी या वेळी एक छोटी गोष्ट केली. एका पानावर पाच प्रश्न छापले, मराठी आणि उर्दूत, आणि कॉर्नर सभेत सगळ्या उमेदवारांच्या हातात दिले. एका उमेदवार ताईंनी तिथंच बसून तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली, दोन येत नाहीत म्हणाल्या. मला ते आवडलं. आमच्याच ओळखीच्या दुसऱ्या उमेदवारानं कागद खिशात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, "भाई, पहले इनको हरा लेने दो, बाद में देखेंगे."

मतमोजणी लांबली, निकाल 21 डिसेंबरला लागला. तो निवडून आला, ताई पडल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला मुबारकबादचा मेसेज पाठवला आणि खाली तेच पाच प्रश्न टाकले. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून यायचंय.