एकच गिऱ्हाईक

सगळा धंदा एकाच क्लायंटच्या जिवावर असला की काय होतं, हे आयटीवाल्यांना सांगायला नको. रेट तो ठरवतो, आपण मान डोलावतो. कॅनडाच्या तेलाची वर्षानुवर्षं हीच गत होती. जवळजवळ सगळी निर्यात अमेरिकेला, कारण पाइपलाइनी तिकडेच जातात. २०१८ मध्ये त्या तुडुंब भरल्या आणि अल्बर्टाचं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा बॅरलमागे ४० डॉलरहूनही स्वस्तात विकावं लागलं. शेवटी जानेवारी २०१९ पासून अल्बर्टा सरकारने कंपन्यांना उत्पादनच कमी करायला लावलं!

मग दुसरं गिऱ्हाईक शोधलं नाही का? शोधलं की. पण पॅसिफिककडे जाणारी नॉर्दर्न गेटवे २०१६ मध्ये बारगळली, पूर्वेकडची एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये. उरली ट्रान्स माउंटन. तिची क्षमता रोज ३ लाख बॅरलवरून ८.९ लाखांवर न्यायची होती. मालक कंपनी कंटाळली, तेव्हा २०१८ मध्ये सरकारनेच ती ४.५ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतली. आणि त्याच ऑगस्टमध्ये कोर्टाने मंजुरी रद्द केली.

'पर्यावरणवाले आणि मूळ रहिवासी विकास अडवतात' हा यावरचा नेहमीचा सूर. मला तो पटत नाही. कोर्टाचे आक्षेप बघा. एक, वाढणारी टँकर वाहतूक नियामकाने 'स्कोप'बाहेर ठेवली. अहो, लाइन निर्यातीसाठीच ना? दोन, अधिकाऱ्यांनी मूळ रहिवाशांचं म्हणणं नुसतं लिहून घेतलं, खरा संवाद केलाच नाही. म्हणजे मिनिट्स चोख, डिझाइनमध्ये बदल शून्य. ओळखीचं वाटतंय ना?

फेरचर्चा करून जून २०१९ मध्ये मंजुरी परत मिळाली, लाइन मे २०२४ मध्ये सुरू झाली. २०१३ चा अंदाज ५.४ अब्ज, प्रत्यक्ष खर्च सुमारे ३४ अब्ज! सगळा दोष कोर्टकचेरीचा नाही. महागाई, कोविड, २०२१ चे पूर हेही आहेतच. पण रिक्वायरमेंटमध्ये सुटलेला बग प्रॉडक्शनमध्ये निस्तरायला किती पडतो, ते आपल्याला माहीत आहे. आणि इथे बिल करदात्याच्या नावावर.

फायदा झाला, हेही खरं. आता टँकर चीनलाही जातात आणि किमतीतली तफावत बरीच कमी झाली. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक हवंच, वाद त्याबद्दल नाही. पण अमेरिकेच्या टॅरिफच्या धक्क्यानंतर जून २०२५ मध्ये कॅनडाने 'राष्ट्रहिताचे' प्रकल्प झटपट मंजूर करायचा कायदा केलाय. घाई समजू शकतो. पण ऐकून घेण्याची पायरी पुन्हा गाळली, तर ती वाचत नाही, कोर्टात जाऊन व्याजासकट परत येते.