शरणपूरची माणसे

दूरदेशी जाऊन सेवाकार्य करणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी कुटुंबांविषयी बोलणे निघाले की एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. इंग्लंड-अमेरिकेहून आलेले साहेब, त्यांच्या पत्नी, लहान मुले, आणि आफ्रिकेच्या रानात उभारलेली शाळा किंवा दवाखाना. परंतु पूर्व आफ्रिकेच्या मिशनकार्यात अशीही काही कुटुंबे होती, की ज्यांनी आपली पहिली अक्षरे गोदाकाठी नाशिकला गिरवली होती. त्यांची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. नाशिकचीच गोदावरी पुढे आमच्या मुलखात येते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम मंडळी पायी जाऊन तिचेच पाणी आणतात. तेव्हा ही कथा इंद्रवेल्लीच्या वाचकांना अगदीच परकी वाटू नये.

नाशिकला जाऊन आलेल्या बहुतेकांनी शरणपूर रस्ता पाहिलेला असतो. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास वसवलेली वस्ती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख चालक होते. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून गलबतांत कोंबून विकण्याचा व्यापार चाले. इंग्रजी आरमाराने अशी काही गलबते अडवली आणि त्यांतून सुटलेल्या मुलांपैकी कित्येकांस मुंबईला आणून उतरवले. पुढे त्यांतील अनेकजण शरणपूरच्या आश्रमात आले. आईबाप हरवलेले, गाव हरवलेले, काहींना तर स्वतःचे मूळ नावही नीट न आठवणारे. त्यांना तेथे लिहावाचायला शिकवले, सुतारकी-लोहारकीसारखे हातचे उद्योग शिकवले आणि इंग्रजी नावे दिली. तेथेच ती लहानाची मोठी झाली. आफ्रिकेत हरवलेले त्यांचे बालपण नाशिकच्या मातीत पुन्हा उगवले, असे म्हणावयास हरकत नाही.

१८६४ मध्ये यांतील जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना मोंबासाजवळील रबाई या ठाण्यावर योहानेस रेबमन नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या मदतीस पाठवण्यात आले. जोन्स व सेमलर यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीही होत्या. पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीही आपल्या अखेरच्या प्रवासासाठी नाशिकचे नऊ तरुण नेले. लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी निवर्तले. तेव्हा त्यांचे शव हजारएक मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले जेकब वेनराइट होते. लंडनपर्यंत शवासोबत जाऊन १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनप्रसंगी त्यांनी खांदाही दिला.

त्याच सुमारास मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनंतर, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. सुटलेल्या लोकांना वसवायचे कोठे, हा प्रश्न मग उभा राहिला. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर एक वस्ती उभारली आणि तिला फ्रिअरटाउन असे नाव पडले. त्या वस्तीचा कणा म्हणून शरणपूरहून दीडशेच्या आसपास माणसे नेण्यात आली. त्यांत शिक्षक होते, कारागीर होते, संसारी स्त्रीपुरुष होते.

पाठवणाऱ्यांची समजूत अशी, की ही माणसे आपल्या घरी परत चालली आहेत. पण ज्यांची पाठवणी झाली त्यांचे काय? ज्या भूमीत ते जन्मले तेथली भाषा कित्येकांच्या तोंडून केव्हाच निघून गेली होती. पकडून नेलेले मूल ज्या गावचे, ते गाव मोंबासापासून कितीतरी दूर आत. तेव्हा मोंबासा हे त्यांचे गाव कधीच नव्हते. तेथल्या लोकांनी त्यांना आपले मानले नाही. ‘मुंबईचे आफ्रिकन’ हेच नाव त्यांना चिकटले. दुसरीकडे गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांचा पोशाख, त्यांचे इंग्रजी आणि समान वागणुकीची त्यांची अपेक्षा रुचेना, आणि त्यावरून पुष्कळ कुरबुरी झाल्या. नाशिकला ती आफ्रिकन आणि आफ्रिकेत ती मुंबईकर, अशी त्यांची अवस्था.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. नागपूर-नांदेडकडच्या लग्नकार्यात आपली मुले ‘तेलंगणातली’ म्हणून ओळखली जातात आणि येथल्या बाजारात आपण ‘मराठीवाले’ असतो. मूळ गाव कोणते, या प्रश्नाचे उत्तर देताना तिसऱ्या पिढीतील मूल वडिलांच्या तोंडाकडे पाहते. आपले दुःख त्या लेकरांच्या दुःखाशी तोलता येणार नाही. आपल्याला कोणी साखळदंडात आणले नाही. तथापि दोन्हीकडे पाहुणे असण्याचा अनुभव आपणांस ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी पुढे काय केले हे जाणून घेण्याजोगे आहे.

विल्यम जोन्स यांचेच उदाहरण घ्यावे. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स त्यांच्याबरोबर होते. तांड्याचा मोठा भाग जोन्स यांच्या स्वाधीन करून बिशप पुढे गेले आणि ऑक्टोबरअखेर बुसोगात मारले गेले. तेव्हा शेकडो मैलांची परतीची वाट तुडवून जोन्स यांनी उरलेली माणसे रबाईस सुखरूप आणली. परंतु आमच्या मते त्यांचे याहून मोठे काम घराजवळचे. धन्याच्या जाचास कंटाळून पळालेले गुलाम रबाईस येत आणि तेथे त्यांना आसरा मिळे. हे प्रकरण धोक्याचे होते. किनाऱ्यावरचे मालक खवळले, हल्ल्याच्या धमक्या आल्या, खुद्द मिशनचे वरिष्ठही बिचकले. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला देण्याचे ठरवले आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई व इतर ठाण्यांवरील सुमारे १,४०० जणांना मुक्तिपत्रे मिळाली.

जोन्स यांना त्या मुलखात जन्मसिद्ध असा काही हक्क नव्हता. ज्याला कोणीच आपले म्हणत नाही अशा माणसाला त्यांनी दार उघडले आणि त्यामुळे तो मुलूख त्यांचा झाला. परक्या गावी आपण कधी रुजतो, याचे याहून सरळ उत्तर आम्हांस तरी सापडत नाही.

आमच्या पंचक्रोशीतही अशी एक खूण आहे. जैनूरजवळच्या मारलवाईत क्रिस्टोफ व बेटी फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे दांपत्य १९४० नंतरच्या दशकात गोंडांमध्ये राहिले. ते मिशनरी नव्हते, मानववंशशास्त्राचे अभ्यासक होते. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत व त्यांच्या मुलांना शाळा मिळावी यासाठी निजामाच्या राजवटीत त्यांनी खटपट केली. गोंडी मुलांसाठी त्या वेळी तयार झालेली वाचनाची पुस्तके देवनागरीत होती, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. आपली लिपी शेजाऱ्याच्या उपयोगी पडली. १९८७ मध्ये बेटीबाई वारल्या आणि त्यांना मारलवाईतच मूठमाती दिली गेली.

आणि दुसरी खूण इंद्रवेल्लीचा स्तूप. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. त्यांच्या जमिनी ज्यांच्या हाती गेल्या त्या बाहेरून आलेल्यांत मराठी बोलणारेही होते, हे कटू असले तरी खरे आहे. स्तूपावरून जाताना आपण नजर वळवू नये.

शेवटी एक सांगावेसे वाटते. शरणपूरच्या पुरुषांची नावे दप्तरात राहिली. त्यांच्या स्त्रियांचा उल्लेख बहुधा ‘पत्नी’ एवढाच. अनोळखी किनाऱ्यावर चूल मांडून मुले वाढवणाऱ्या त्या बायांच्या मनात नाशिक किती दिवस होते, हे आता कोण सांगणार? तेव्हा वाचकहो, या सणावारी घरातील वडीलधारी मंडळी एकत्र बसतील तेव्हा वही घेऊन बसा. आपले घराणे येथे केव्हा आले, पहिली ओसरी कोणी दिली, कोणाच्या शेतावर पहिला नांगर धरला, हे विचारून लिहून ठेवा. आजीचे, पणजीचे माहेरचे नावही लिहा. आणि ज्या गोंड, कोलाम वा तेलुगू शेजाऱ्याने पहिल्या पावसाळ्यात धान्य उसने दिले, त्याचे नाव सर्वांत वर असू द्या.