तीन सेनांचा निंजा

२२ फेब्रुवारी ही तारीख घ्या. जपानीत दोनाला ‘नि’ म्हणतात. दुसऱ्या महिन्याची बावीस तारीख म्हणजे ओळीने तीन दोन, ‘नि-नि-नि’. एवढ्या भांडवलावर तिकडे त्या दिवशी निंजा दिन साजरा होतो. (याच हिशेबाने त्याच दिवशी मांजर दिनही असतो, कारण जपानी मांजर ‘न्यान’ करते. दबक्या पावलांच्या दोन्ही जमातींना एकच तारीख मिळाली, हे बरेच झाले.) आपल्याकडच्या मुलांना निंजा म्हटले की टीव्हीवरचा हातोरी आठवतो, जरा मोठ्यांना ‘नारुतो’मधला सासुके. आणि घरातले कोणी शहाणे माणूस म्हणतेच, ‘हे सगळे खोटे असते रे.’

तक्रार खरी आहे. इगा आणि कोका या डोंगराळ मुलखांतली माणसे हेरगिरीत तरबेज होती, हा इतिहास. १५८१ मध्ये सरदार ओदा नोबुनागाने इगा बेचिराख केले, हाही इतिहास. पण काळा पोशाख आणि फक्त डोळे उघडे, हे रूप पुढच्या शांततेच्या काळात चित्रकारांनी आणि रंगभूमीने रुजवले. होकुसाईच्या १८१७ सालच्या चित्रवहीत असा एक काळा गडी दोरावरून चढताना दिसतो. खऱ्या हेराला असा वेष कशाला हवा? तो भिक्षू होणार, औषधविक्या होणार. बहिर्जी नाइकांच्या गोष्टींवर वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. सामुराईंचेही तेच. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतर थोडके अपवाद सोडले तर लढाईच उरली नाही. कमरेला दोन तलवारी लावून हे वीर कचेरीत खर्डेघाशी करत, पगार तांदळाच्या मापाने घेत. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. म्हणजे तलवारीची सुरस कथा लिहिली गेली, वाचली गेली, ती बहुतेक तलवार म्यानात गेल्यावरच.

पण खोटे म्हणून सोडून देण्याआधी हे खोटे कोणी आणि कोणासाठी रचले, ते पाहायला हवे.

१९११ मध्ये ओसाकात ‘ताचिकावा बुन्को’ नावाची पुस्तकमाला निघाली. तळहातात मावणारी, सदऱ्यात लपवता येणारी पुस्तके. तामादा ग्योकुशूसाई हा कथेकरी, म्हणजे मंचावर बसून वीरकथा रंगवून सांगणारा. तो, त्याच्या घरातली यामादा केई आणि तिची मुले मिळून ती लिहीत. लेखक म्हणून छापले जाई एखादे भारदस्त टोपणनाव. एका घराने चालवलेला हा गोष्टींचा कारखानाच. त्यातून सारुतोबी सासुके बाहेर पडला. शिनानोच्या डोंगरात माकडांबरोबर उड्या मारत वाढलेला पोर, वृद्ध गुरूकडून विद्या शिकतो आणि सानादा युकिमुराच्या पदरी राहतो. युकिमुरा खरा, १६१५ मध्ये ओसाकासाठी लढताना पडलेला. सासुके मात्र, बहुतेक अभ्यासकांच्या मते, कधी जन्मलाच नव्हता. हरलेल्या बाजूचा हा न हरणारा पोर ओसाकाच्या वाचकांनी डोक्यावर घेतला, यात नवल नाही. ‘नारुतो’तल्या सासुकेचे नाव तिथूनच आले.

वाचक कोण होते? बरेचसे ‘देच्ची’, म्हणजे व्यापाऱ्याच्या पेढीवर शिकायला ठेवलेली पोरे. झाडलोट करायची, निरोप पोचवायचे, मालकाची बोलणी खायची. हातात पैसा असा नाहीच. पुस्तकाची किंमत पंचवीस सेन (सेन म्हणजे तिकडचा पैसा). पण वाचून झालेले पुस्तक परत दिले आणि वर तीन सेन ठेवले की दुसरे मिळे. महिनोन्महिने घरचे तोंड न पाहणाऱ्या पोराला तीन सेनांत अदृश्य होता येत होते. त्याला इतिहास शिकवायला निघालेल्या माणसाची आम्हाला कीवच येते.

आज हीच कथा इंग्रजीत किशोरांसाठी लिहिली जाते आणि हात बदलला की नायकही बदलतो. ख्रिस ब्रॅडफर्ड यांच्या २००८ पासूनच्या ‘यंग सामुराय’ मालिकेत जॅक हा इंग्रज पोरगा १६११ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागतो आणि तलवार शिकतो. कथा पळती आहे, पण जपान पाहायचे ते पाहुण्याच्या खांद्यावरून. आमचा कौल लियान हर्न यांच्या २००२ सालच्या कादंबरीला. तिचा प्रदेश काल्पनिक, पण त्यातली पावलाखाली चिवचिवणारी लाकडी जमीन खरी. क्योतोच्या निजो किल्ल्यात अशा जमिनीवरून आजही चालता येते. कितीही जपून टाका, पाऊल बोलते. कादंबरीतल्या पोराला ती जमीन आवाज न करता ओलांडायची असते आणि त्यासाठी तो रात्रीमागून रात्री सराव करतो. ती पाने वाचताना वाचकही श्वास रोखतो. तलवारीची खणखण तिथे हवीशीच वाटत नाही.

निंजामधला ‘निन’ लिहितात तो असा: वर पाते, खाली काळीज. त्या अक्षराचे अर्थ दोन, लपणे आणि सोसणे. ओसाकाच्या पेढीवरच्या पोराला दुसरा अर्थ दिवसभर पाठ होत असे. पहिल्यासाठी तो रात्री सगळे झोपल्यावर सदऱ्यातून पुस्तक काढी.