जाकीट कपाटात, माणूस पाण्यात

उजनीच्या फुगवट्याकाठच्या शेतकरी आणि मच्छीमार बंधूंनो, आज खताच्या मात्रा बाजूला ठेवू. पाणी मागे सरकलं की मोटार पुढे न्यायला आपण होडीतच बसतो. पहाटे जाळी काढायची तर होडीच. त्या होडीत जीव राखणारं काय असतं? बहुतेक वेळा एक तांब्या, तोही पाणी उपसायला.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तरीही सांगायला गेलं की उत्तर तयार : "साहेब, आम्ही पाण्यातच वाढलो." कबूल. पण पायाला जाळं गुंडाळलं की पट्टीचा पोहणाराही हात मारू शकत नाही. म्हणून कमरेला धारदार चाकू हवाच.

जाकिटात उकडतं, जाळं अडकतं ही तक्रार खोटी नाही. त्यासाठी अंगाला घट्ट बसणारं, लोंबते पट्टे नसलेलं जाकीट घ्या. सैल जाकीट पाण्यात वर सरकून तोंडाशी येतं. घेतल्यावर गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पाय उचलून बघा. हनुवटी पाण्याबाहेर राहिली तर ठीक.

आता होडी. पत्र्याची होडी पाण्यानं भरली की थेट तळ गाठते. २० लिटरचा घट्ट बुचाचा रिकामा कॅन पाण्याखाली साधारण १९ किलो भार पेलतो. असे दोन कॅन पुढे, दोन मागे फळीखाली करकचून बांधा. नुसते ठेवले तर होडी बुडेल आणि कॅन तेवढे तरंगत जातील. होडी जड असेल तर कॅन वाढवा. काठालगतच्या उथळ पाण्यात एकदा होडी मुद्दाम भरून बघाच. (कीटकनाशकाचे डबे मात्र यासाठी वापरू नका, ते नष्टच करायचे असतात.)

जाळं आडव्या बाजूनं, उभं राहून ओढू नका. बसून, नाळेकडून ओढा. होडी उलटली तर काठ जवळ दिसतो म्हणून सुटू नका, होडीला धरून राहा. दमलेल्याला जवळचा काठही लांब पडतो.

गावच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांच्या नोंदणीत स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिलेलं आहे. निदान आपल्या घाटावर होड्या किती, जाकिटं किती, एवढं वहीत असावं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या अपघात विम्याची सोय केली, मृत्यूस ५ लाख रुपये. यादीत नावं घालायला टाळाटाळ नको.

एका ठिकाणी जाकिटं पाहायला मागितली. होती, अगदी कोरी. पण हरवली तर तपासणीत उत्तर कोण देणार, म्हणून कपाटात कुलूपबंद. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले, आणि होड्या पाण्यात. बाबांनो, जाकिटं सह्या घेऊन वाटून टाका. फाटली, हरवली तर तसा शेरा मारता येतो.