पिंजऱ्याबाहेरची शिक्षिका

मुलांना घेऊन राणीच्या बागेत किंवा कात्रजला गेलात, की पिंजऱ्यापुढे काय चालतं ते आठवून पाहा. कुणी शेंगदाणे फेकतो, कुणी झोपलेल्या वाघाला उठवायला शिट्टी मारतो. एवढ्यात आपलं लेकरू विचारतं, “आई, हा सारख्या फेऱ्या का मारतो गं?” आणि आपण म्हणतो, “चल पुढे!” अशा प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तर देणं हे चक्क पगारी काम आहे, हे पुष्कळ भगिनींच्या गावीही नसतं. प्राणिशास्त्राची पदवी लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेलेल्या मैत्रिणींसाठी आजचा हा मजकूर.

मोठ्या प्राणिसंग्रहालयांत या कामासाठी शिक्षण अधिकारी किंवा सहाय्यक नेमतात. शाळांच्या सहली फिरवून आणायच्या, माहितीचे फलक लिहायचे, सुट्टीतली शिबिरं आणि २ ते ८ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह पार पाडायचा, असं त्या कामाचं स्वरूप. राणीची बाग मुंबई महापालिकेची, कात्रजचं संग्रहालय पुणे महापालिकेचं. तेव्हा जाहिरातींवर लक्ष ठेवायचं ते तिथे. बहुतेक ठिकाणी प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्राची पदवी मागतात, वरच्या जागेला पदव्युत्तर. वयाची अट आधी वाचा, मग अर्जाला हात घाला.

जागा मात्र थोड्या आणि अर्ज फार. म्हणून आधी पाय टेकवायला जागा शोधा, ती स्वयंसेविकेची. अमेरिकेतून आलेल्या सॅली वॉकर म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात स्वयंसेविका म्हणूनच राबल्या, आणि १९८५ साली त्यांनी ‘झू आउटरीच ऑर्गनायझेशन’ ही संस्था उभी केली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासूनची; तिचे छोटे अभ्यासक्रमही विसरलेलं ज्ञान उजळायला उपयोगी पडतात. पण फुकटचं काम किती महिने करायचं याची हद्द आधीच ठरवा, आणि केलेल्या कामाचा लेखी दाखला न चुकता मागून घ्या.

मुलाखतीत “मला प्राणी फार आवडतात” एवढंच सांगून भागत नाही. ते सगळ्याच सांगतात! तुम्हाला माणसं सांभाळता येतात का, हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून दहा मिनिटांचं एक बोलणं घोटून तयार ठेवा. समजा, विषय नागाचा. समोर नागपंचमीला दूध ठेवणाऱ्या आजी उभ्या आहेत. “ही अंधश्रद्धा आहे,” म्हणालात की आजी दुखावल्या आणि नातवंडंही पांगली. त्यापेक्षा म्हणा, “आजी, पूजा खुशाल करा, पण दुधाची वाटी नातवाला द्या. नागाचं जेवण उंदीर-बेडकांचं, दूध त्याला पचत नाही. आणि तो डोलतो ना, तो पुंगीच्या सुरावर नाही, तिच्या हालचालीवर.” आजी हसतील, आणि गोष्ट घरी नेतील. बायांनो, सासरी कुणाचं मन न मोडता आपलं म्हणणं पटवण्याची कला आपण वर्षानुवर्षं गिरवलेली आहे. इथे तिचा पगार मिळतो!

कायदाही नीट माहीत हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणं किंवा खाऊ घालणं हा गुन्हा आहे. ते न रागावता सांगता आलं पाहिजे.

आता अडचणीचं बोलू. गर्दीचा दिवस रविवार, आणि या दोन्ही ठिकाणी साप्ताहिक सुट्टी बुधवारी. म्हणजे मुलं नि यजमान घरी, तेव्हा तुम्ही उन्हात उभ्या. नेमणूक पुष्कळदा कंत्राटी असते, तेव्हा मुदत आणि पगार कागदावर पाहिल्याशिवाय सही करू नका. रविवारचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न नोकरी लागल्यावर नव्हे, अर्ज टाकण्याआधीच घरात मांडा. उत्तर द्यायला घरातल्या सर्वांना बसवा. ते बोलणं झालं, की मग ट्रंकेतली पदवी वर काढा.