घरकुल आहे, पण जागा कुठाय?

सध्या आमच्या वाशिमात गावाबाहेर कुठल्याही रस्त्याने फिरायला निघा. काल-परवापर्यंत जिथे सोयाबीन नि तूर डोलत होती, त्या वावरात आज सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतात. लेआउट पडला! १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातली मंडळी आली. गाव वाढणारच, त्याचे दुःख नाही. प्रश्न एवढाच की या वाढत्या गावात धुणी-भांडी करणारी बाई, हमाल, मिस्तरीच्या हाताखालचा मजूर यांनी राहायचे कुठे?

"सरकार घरकुल देते की!" असे कुणीही म्हणेल. देते, खरे आहे. २५ जून २०१५ ला शहरी भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख, बांधकाम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने मिळतात. पण मेख अशी की जागा स्वतःची हवी. ज्याच्याकडे प्लॉट आहे त्याला घर, ज्याच्याकडे तोही नाही तो भाड्याच्या खोलीतच. म्हणजे जो जास्त गरीब तोच दाराबाहेर!

दुसरी वाट करसवलतीची. १ जून २०१६ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना, अटी पाळल्यास, नफ्यावरचा आयकर माफ होता. घराच्या आकाराला मर्यादा होती, पुढे २०१९ मध्ये ४५ लाखांची किमतीची मर्यादाही आली. घर घेणाऱ्याची मिळकत किती, हे मात्र त्या कलमात विचारलेलेच नव्हते. ४५ लाखांचे घर कुणाला परवडते, हे मी वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतही १९८६ पासून असा कायदा आहे. तिथे घरे बांधणाऱ्याला दहा वर्षे करात सूट मिळते. त्या बदल्यात ठरावीक घरे कमी मिळकतीच्या कुटुंबांना, मर्यादित भाड्याने, वर्षानुवर्षे द्यावी लागतात. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण घेतल्याच्या बदल्यात द्यायचे, हे तत्त्व मला पटते. करातली सूट म्हणजे शेवटी तुमचे-आमचेच पैसे ना!

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारा नियम आहे. मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के जागा लहान प्लॉट करून दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. पण तो १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांपुरता. २०११ च्या जनगणनेत वाशिम शहर ७८ हजारांच्या आसपास. आम्ही कधी दहा लाख व्हायचो!

माझे म्हणणे असे की हा नियम, हवे तर १० टक्के करून, जिल्ह्याच्या गावांनाही लावावा. प्लॉट मिळाला की अडीच लाखांची योजना आपोआप उपयोगी पडेल. यावर लेआउटवाले म्हणतील, बाकीचे प्लॉट महागतील. थोडे महागतीलही. पण वावराचा भाव वाढतो तो काय केवळ त्यांच्या कर्तबगारीने? रस्ता, पाणी, वीज सार्वजनिक पैशाने जवळ येते, म्हणून वाढतो. लेआउटमध्ये मुलांना खेळायला मोकळी जागा सोडावीच लागते आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. मग आपल्या घरी राबणाऱ्यांसाठी चार प्लॉट जड का व्हावेत?

सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे, त्यात भाड्याच्या घरांचाही विचार आहे. चांगले आहे. पण जमीन एकदा विकली गेली की परत मिळत नाही. दहा वर्षांनी जाग आली तर गरिबासाठी प्लॉट आणायचा कुठून? असो. तुमच्या गावात काय चालले आहे, तेही जरूर कळवा.